मदत हवी आहे : विशेष विवाह कायद्याखालील नोटिशीबाबत

माझी भाची हिंदू असून तिचा नियोजित वर मुस्लिम आहे, आणि दोघांपैकी कोणीही धर्म बदलू नये यावर दोन्ही घरांचे, बऱ्याच रडारडीनंतर, एकमत झाले आहे. त्यामुळे विवाह १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार पुण्यात करायचा आहे. विवाह अधिकाऱ्याकडे दिलेली नोटीस कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते. हरकत वय, हयात जोडीदार, मानसिक क्षमता किंवा निषिद्ध नाते एवढ्याच कारणांवर घेता येते. भिन्न धर्म हे कारण होऊच शकत नाही, हे मला ठाऊक आहे. भीती आहे ती नोटिशीवरील नाव-पत्ता वाचून दारात येऊन उभ्या राहणाऱ्या अनोळखी माणसांची. मुलाच्या आईला त्या विचाराने झोप लागत नाही.

जानेवारी २०२१मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली होती. महाराष्ट्रातील विवाह अधिकारी तशी विनंती मान्य करतात का? अलीकडे असा विवाह केलेल्यांनी आपला अनुभव, तसेच पोलीस संरक्षणासाठी अर्ज केला असल्यास तो कधी आणि कोणाकडे दिला, हे कृपया कळवावे.