बाबांना 'मेबेरी' बघायचंय. हे गाव खरंच आहे का?

कॅरीकर:
नमस्कार मंडळी. माझे बाबा साताऱ्याकडे पोलीस खात्यात होते, फौजदार म्हणून निवृत्त झाले. सध्या आई-बाबा आमच्याकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला आलेत. दुपारी जुन्या मालिकांच्या चॅनेलवर 'द अँडी ग्रिफिथ शो' लागतो, तो बाबा चुकवत नाहीत. इंग्रजी सगळं कळत नाही. पण शेरीफ अँडी कमरेला पिस्तूल लावत नाही आणि डेप्युटी बार्नीला एकच गोळी, तीही शर्टाच्या खिशात ठेवायची, हे त्यांना फार आवडलंय. ओटिस दारू पिऊन आपणहून कोठडीत येऊन झोपतो, भिंतीवरच्या किल्लीने आपलं आपण कुलूप काढतो. ते बघून बाबा म्हणाले, "असा एक आमच्याही ठाण्यात होता. बाजाराच्या दिवशी रात्री यायचाच."

आता म्हणतात, मालिकेतलं ते मेबेरी गाव याच राज्यात आहे ना, मग मला दाखव. ऑफिसात सगळे सांगतात की माउंट एअरीला ने. जावं का? बाबांचा हिरमोड तर होणार नाही? गुडघे दुखतात, फार चालवत नाही.

विन्स्टनची_काकू:
जरूर न्या. पण निघण्याआधी बाबांना खरं काय ते सांगून टाका. पोलिसातल्या माणसापासून लपवून उपयोग नाही, तिथे गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या लक्षात येईल. मेबेरी नावाचं गाव नाही. अँडी ग्रिफिथ १९२६ साली माउंट एअरीत जन्मले, तिथेच वाढले, म्हणून लोक त्या गावाला मेबेरी मानतात. ते स्वतः बरीच वर्षं 'तसं काही नाही' असंच म्हणत आले.

मी विन्स्टन-सेलमला चौदा वर्षं आहे, इथून ५२ नंबरच्या रस्त्याने माउंट एअरी पाऊण तासावर. वाटेत डोक्यावर खडकाची टोपी घातलेला पायलट माउंटन दिसतो, तो बाबांना दाखवा. मालिकेत शेजारच्या मोठ्या गावाचं नाव 'माउंट पायलट' आहे ना, ते यावरून. मेन स्ट्रीटवर मालिकेतल्या न्हाव्याच्या, फ्लॉइडच्या नावाचं केशकर्तनालय आहे, शेजारी स्नॅपी लंच नावाचं खाणावळवजा हॉटेल, १९२३ पासूनचं. आईंना तिथलं पोर्क चॉप सँडविच चालणार नाही, डबा बरोबर घ्या. गुडघ्यांची काळजी नको, जुन्या फोर्ड गॅलक्सी पोलीसगाडीत बसवून गाव फिरवतात. त्या गाडीत तुमचे बाबा पुढच्या सीटवर बसलेले मला आत्ताच दिसतायत.

पण एवढं बघून परत फिरू नका. गावाबाहेर ग्रॅनाइटची उघडी खाण आहे, प्रचंड. दगड इतका पांढरा की उन्हात डोळे बारीक करावे लागतात. गावातल्या चर्चच्या भिंती, फुटपाथच्या कडा, सगळीकडे तोच दगड. आणि हे गाव मोज्यांवर जगायचं. माझ्या शेजारच्या आजी तिथल्या कारखान्यात मोज्याचं पुढचं तोंड शिवायच्या, बोटांकडची ती शिवण. अजून कुणाचेही मोजे वाळत घातलेले दिसले की एक उलटा करून शिवणीवरून अंगठा फिरवतात. एकेक करून बरेच कारखाने बंद पडले, मग गावाने मालिकेचा आधार धरला. म्हणून त्या दुकानांना कुणी 'नकली' म्हटलं की मला वाईट वाटतं. त्या पाट्यांवर घरं चालतात.

आईंना मात्र लोणच्याचा भाग दाखवा, १९६१ सालचा. अँडीचं घर सांभाळणाऱ्या आंट बीचं काकडीचं लोणचं तोंडात घालवत नाही, म्हणून अँडी आणि बार्नी गुपचूप विकतचं आणून बरण्या भरतात. मग ती म्हणते, हे मी जत्रेतल्या स्पर्धेत ठेवणार! मैत्रीण क्लाराचं लोणचं दरवर्षी जिंकतं, तिचा जीव त्यात अडकलेला. शेवटी विकतचं सगळं खाऊन संपवायचं आणि तिला पुन्हा तिच्या हातचं घालू द्यायचं, एवढाच उपाय उरतो. माझ्या सासूबाईंनी हा भाग तीनदा लावायला लावला.

पडद्यामागचा:
चित्रीकरण सगळं कॅलिफोर्नियात. गावाचा चौक कल्व्हर सिटीतल्या 'फॉर्टी एकर्स' नावाच्या आवारातला, १९७६ मध्ये पाडला. सुरुवातीला शिट्टीच्या धूनवर अँडी आणि त्याचा मुलगा गळ टाकायला जातात ते तळं बेव्हर्ली हिल्सजवळच्या फ्रँकलिन कॅन्यनमधलं. त्या दोघांचा पुतळा मात्र तुमच्या दाराशी आहे, रॅलेच्या पुलन पार्कात. तसाच माउंट एअरीतही.

ग्रीन्सबरोवाला:
एक विनंती. तुम्ही ४० नंबरने ग्रीन्सबरोवरूनच जाणार, तर इथे थांबा. १ फेब्रुवारी १९६० ला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी इथल्या वूलवर्थ दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसले आणि उठले नाहीत. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, १५ फेब्रुवारीला, दुसऱ्या एका मालिकेच्या भागात मेबेरी पहिल्यांदा टीव्हीवर दिसलं. एकच राज्य, एकच महिना. पुढे आठ वर्षांत २४९ भाग झाले, आणि कृष्णवर्णीय माणसाला ठळक भूमिका मिळाली ती एकदाच, १९६७ मध्ये. मालिका मलाही प्रिय आहे. पण तिथे पोलिसाला पिस्तूल का लागत नाही, हे मेबेरीत कोण राहत नाही ते बघितल्याशिवाय कळत नाही. काउंटर होता तिथेच, संग्रहालयात ठेवलाय.

विन्स्टनची_काकू:
दादा, हे मी लिहायला हवं होतं. शेजारच्या आजी कृष्णवर्णीय आहेत. मालिका लागली की त्या उठून स्वयंपाकघरात जातात. मी कारण कधी विचारलं नाही. कॅरीकर, दोन्ही करा.

कॅरीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी जाऊन आलो. सगळं आधी सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "सेट असला म्हणून काय झालं, मला त्याचं गाव बघायचंय." पोलीसगाडीत पुढेच बसले. खाणीपाशी आई बराच वेळ थांबली, पाट्या-वरवंट्याला हा दगड चालेल का म्हणत होती.

परतताना ग्रीन्सबरोला थांबलो. काउंटरसमोर बाबांनी टोपी काढली. गाडीत बसल्यावर विचारलं, "त्या पोरांना पोलिसांनी हात लावला का?" मी म्हटलं, पहिल्या दिवशी नाही, दुकान बंद होईपर्यंत बसून होती. त्यांनी मान हलवली. मग कॅरी येईपर्यंत आपल्या नोकरीतल्या एका मोर्च्याबद्दल बोलत राहिले. ही गोष्ट त्यांनी आजवर घरात कधी काढली नव्हती.