आईची एक वस्तू सांगा

माझ्या आईची एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, तेलकट हात लागून पानं पिवळी पडलेली. लालबागला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आईची खानावळ होती. गिरणीत तिन्ही पाळ्यांना जाणारे पंचवीसेक जण तिच्या हातचं जेवायचे. कोणी कोकणातले, कोणी घाटावरचे. बायकामुलं गावी आणि इथे एकेका गाळ्यात पंधरा-पंधरा माणसं. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून वहीत नावांच्या जागी चित्रं आहेत. छत्री, मासा, तुळशीची माळ, चष्मा. चित्रापुढे जेवणाच्या उभ्या रेघा. पगार झाला, पैसे आले की त्यांवरून एक आडवी रेघ.

सुरुवातीचं भांडवल सावकाराचं होतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, तेव्हा आई त्या व्याजातून सुटली. बँकेत जायला तिने ठेवणीतलं लुगडं काढलं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यानंतरच्या पानांवर आडवी रेघ कुठेच नाही. उभ्या रेघा मात्र मे महिन्यापर्यंत चालू आहेत. पगार बंद होता आणि माणसं जेवत होती. मग एकेक चित्र गावी गेलं. वाण्याची उधारी फेडायला आईने पाटल्या मोडल्या आणि ही गोष्ट घरात कोणालाही पुन्हा काढू दिली नाही.

तुमच्या आईचीही अशी एखादी वस्तू असेल. ती तिच्या हातात कशी दिसायची, तेवढं सांगा.

*

आमच्या घरी हातोडी आहे. मायची. दांडा दोनदा बदललाय, लोखंड तेच.

७२ च्या दुष्काळात आम्ही बीडकडच्या खेड्यात होतो. विहिरी आटल्या, जनावरं विकली आणि माय खडी फोडायच्या कामावर गेली. मी सात वर्षांचा, धाकटी बहीण मायच्या पाठीला. बोटांना चिंध्या गुंडाळून माय उन्हात बसायची. एका हाताने दगड धरायचा, दुसऱ्याने घाव घालायचा. डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून मला पाठ करून बसवायची, त्यामुळे मायचं काम मी पाहिलं कमी, ऐकलं जास्त. कामावर सुकडी मिळायची. आपल्या वाट्याची माय पदराला बांधून ठेवायची आणि रात्री आम्हा दोघांना द्यायची. मिलोची लाल भाकरी आम्हाला गिळवत नसे, तर तीच ती कोरडी चावत बसे.

पुढे मी पाटबंधारे खात्यात लागलो. पहिल्यांदा मायला साइटवर नेलं तेव्हा तिने खडीचा ढीग पाहिला, एक खडा उचलला, तळहातावर फिरवला आणि म्हणाली, "ही यंत्राची हाय." माझ्या हाताखालच्या पोरांना पाणी प्यायला दिलं का, ते तिने विचारलं. दुसरं काही नाही.

*

सोलापूर. आम्ही घरात तेलुगू बोलतो, म्हणून आई आमची अम्मा. अम्माचं सूप, कात्री आणि पान कापायचा पत्र्याचा साचा. रात्री ओल्या पोत्यात पान गुंडाळून ठेवायची, पहाटे कापायला बसायची. हजार विड्या झाल्याशिवाय उठणं नाही. कारखान्यात नेल्या की त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढायचे, त्यांचे पैसे नाहीत. घरी येताना अम्मा त्या दिवशी गप्प असे. शाळेतून आल्यावर मी दोरा बांधायला बसले की सूप पायाने लांब सरकवायची. "तू वाच. मोठ्याने वाच." मी इतिहास वाचायचे, ती वळायची. मी बी.एड. झाले तेव्हा तिला शिवाजी महाराजांच्या सगळ्या लढाया पाठ होत्या.

तिच्या साड्यांना अजून तंबाखूचा वास आहे. एक मी धुतलेली नाही.

*

किल्लारीजवळचं आमचं गाव. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. आई भूकंपात गेली. ढिगाऱ्यातून जात्याची वरची तळी मिळाली, खुंटा तुटलेला. नव्या गावठाणातल्या घरात ती तुळशीपाशी ठेवली आहे. आणखी लिहवत नाही.

*

वहीवाल्या दादा, संपातली ती उधारी पुढे कोणी दिली का? तुमच्या आई अजून आहेत ना?

*

आहे. ८४ वर्षांची आहे, दिसतं कमी. तुमचा प्रश्न तिला वाचून दाखवला. "विचारतात कशाला?" म्हणाली, पण वही मागितली. सहा-सात जणांनी पुढे आणून दिले, एकाने दर सुगीला तांदूळ पाठवले. बाकीच्यांचं तिने काही सांगितलं नाही.

मग चष्म्याच्या पानावर बोट फिरवत बसली. त्या ओळीत मध्येमध्ये मोकळ्या जागा आहेत. ती खूण करायला विसरली असेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ती म्हणाली, "शनिवार हायेत ते. त्याचा उपास असायचा. रताळं द्यायची मी त्याला, त्याची रेघ नाय मारली."