ड्रायर नुसता हूं करून राह्यला, डब्बा फिरत नाही. मोटर बदलू का?

दर्यापूरची_ताई: नमस्कार मंडळी, घरी सेमी ऑटोमॅटिक मशीन हाय, सहा वर्षं झाले. धुवायची बाजू चांगली चालते पण चार दिवसांपासून ड्रायर नुसता हूं हूं करते, फिरत नाही, अन् थोडा वेळ तसाच ठेवला तं जळका वास येते. बाहेर झड लागली हाय, पोरांचे शाळेचे ड्रेस खाटेवर, खुर्चीवर, जिथं जागा भेटली तिथं पसरून ठेवले, सगळ्या घरात कुबट वास सुटला. तालुक्याच्या एका मेकॅनिकनं मशीन न उघडताच मोटर गेली सांगितलं, अठराशे रुपये म्हणते. करू का? का नवीनच घेऊ?

वायरमन_मूर्तिजापूर: ताई, थांबा. हूं आवाज येते म्हणजे मोटरपर्यंत करंट पोचून राह्यला. झाकणाचा स्विच नाहीतर टायमर गेला असता तं आवाजच आला नसता. आता चालू करून पाहू नका, अडकलेली मोटर तशानंच जळते. पिन काढा, मागचं कव्हर खोला. मोटरच्या वर गोल ड्रम दिसते, त्याले ब्रेकची पट्टी टेकते. झाकण लावलं की तार ओढल्या जाते अन् पट्टी सुटते, झाकण उघडं असलं की पट्टी धरून ठेवते. म्हणून घरच्या कोणाले तरी झाकण लावाले सांगा अन् तुम्ही मागून पाहा पट्टी सुटते का. नाही सुटली तं तार गंजली नाहीतर ढिली झाली, मोटरचा काही दोष नाही. पट्टी सुटली अन् ड्रम हातानं मोकळा फिरला तं कपॅसिटर पाहा, म्हणजे मोटरले सुरू व्हाले जोर देते तो वायरीचा छोटा डबा. ड्रायरचा बहुतेक 4 नाहीतर 5 मायक्रोफॅरडचा असते, धुवायच्या मोटरचा मोठा, ड्रायरच्या जुन्या कपॅसिटरवरचा आकडा वाचून तसाच 440 व्होल्टचा आणा. पिन काढल्यावरही त्याच्यात करंट राह्यते, डिस्चार्ज केल्याबिगर हात लावू नका. हे दोन्ही बरोबर निघालं तरच मोटरचं बोला. अन् डब्ब्याले हातानं धक्का देऊन चालू कराचा प्रयत्न कोणीच करू नका, लय जोरानं फिरते तो.

रब्बीवाला: व्होल्टेज पण पाहा. आमच्याकडं हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसात डीपीवर सगळे पंप चालू झाले की मीटरवर 165 दाखवते. 230 च्या जागी 165 आले तं मोटरचा जोर जवळपास अर्धा होते, ओला डब्बा उचलतच नाही. मी पहाटे लावून पाह्यला तं मस्त फिरला, अन् तोवर मोटरच्या नावानं दोन चकरा झाल्या होत्या माझ्या.

खारपाण_अकोला: ताई, दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, बोअरचं पाणी वापरता का? आमचे दोन ड्रायर त्याच्यानंच गेले. डब्ब्याच्या खाली शाफ्टभोवती रबर असतं, मेकॅनिक त्याला बेलो म्हणतात. ते फाटलं की खारट पाणी सरळ मोटरवर गळतं, आधी शाफ्टला पांढरं मीठ धरतं, मग बेअरिंग जाम. पिन काढून ड्रायरमध्ये एक मग पाणी ओता अन् मागून बॅटरी मारून बघा. गळत असेल तर नवी मोटर टाकूनही उपयोग नाही, आधी रबर बदला. आम्ही आता शेवटी एक बादली नळाचं पाणी फिरवतो, तेवढं तरी करा. नवीनच घ्यायची वेळ आली तर फीचर कमी पाहा, मोटर तांब्याच्या वाइंडिंगची आहे का ते विचारा, अन् बेलो, ब्रेक, कपॅसिटर तुमच्या तालुक्यात मिळतो का ते दुकानातच पक्कं करा. गरम हवेचा वेगळा ड्रायर आपल्याकडे नको, बरेचसे 2000 वॅटच्या वर खातात.

दर्यापूरची_ताई: दादा, भाऊ, लय उपकार झाले. यायनं मागचं खोललं, मी झाकण लावलं, पट्टी जरा पण हलली नाही. तार हुकाजवळ गंजून दोनच धाग्यावर होती. सायकलवाल्याकडून ब्रेकची तार आणून बसवली, आता फिरते. पण एक मग पाणी ओतलं तं खाली टिपटिप गळून राह्यलं, अन् शाफ्टले खरंच मीठ हाय. बेलो इथं नाही भेटला, अकोल्याले कोणी गेलं की आणतो. तोवर ड्रायर बंदच ठेवू का, ड्रेसपुरता चालवला तं चालन?

वायरमन_मूर्तिजापूर: बंदच ठेवा ताई. मोटरवर पाणी अन् त्याच्यात करंट, पोरं घरात हायेत. अन् सायकलची तार तात्पुरती, बेलोसंगं मशीनची पण आणा. जुना बेलो काढून सोबत न्या, माप दर मॉडेलचं वेगळं असते. बसवायच्या दिवशी पिनची अर्थिंगही एकडाव चेक करून घ्या.