बोल्डरमधल्या बैठका आणि तो बॉम्ब

स्टीफन किंगची ‘द स्टँड’ ही कादंबरी, महासाथीतून वाचलेली माणसं बोल्डर शहरात जमली की नुसत्या समितीच्या बैठकांची होते, तिथेच पुस्तक मिटलं, असं एका वाचकाने म्हटलंय. मान्य. ते ठराव-अनुमोदन वाचताना मलाही आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत बसल्यासारखं झालं होतं. पण खुद्द किंगही तिथेच अडकला होता! ‘ऑन रायटिंग’ या लेखनावरच्या पुस्तकात तो सांगतो, पाचशेच्या वर पानं झाली होती म्हणून नेट धरला, दोन-तीनशेच असती तर कादंबरी सोडूनच दिली असती. मग रोज लांब फिरायला जाता जाता त्याला समितीच्या बैठकीत फुटणारा, कपाटात लपवलेला बॉम्ब सुचला आणि गोष्ट पुढे सरकली. (न वाचलेल्यांनो, माफ करा.) म्हणजे त्या बैठकांना लेखकच आपल्याआधी वैतागला होता.

आणि कोणती आवृत्ती वाचलीत तेही सांगा. १९७८ साली खर्चापायी सुमारे ४०० पानं कापली होती, ती बरीचशी १९९०च्या जाड्या आवृत्तीत परत आली. मी जाडीच वाचली. कादंबरीतला लॅरी न्यूयॉर्कमधून बाहेर पडताना लिंकन बोगद्यातून मेलेल्या माणसांनी भरलेल्या गाड्यांच्या कडेने, कठडा चाचपत, लायटर पेटवत जातो ना, ते मात्र दोन्हींत आहे. तेवढं वाचून मग मिटा हवं तर.