इन्युइट पार्का आणि आजचे हिवाळी कोट: नेमके काय उचलले गेले?

प्रश्न (सुईदोरा): टोरोंटोतला हा माझा दुसरा हिवाळा. इथे केसाळ किनारीचा हूड असलेल्या जवळजवळ प्रत्येक लांब कोटाला ‘पार्का’ म्हणतात आणि त्याचे मूळ इन्युइटांच्या, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूलनिवासी लोकांच्या, वस्त्रात असल्याचे सांगतात. त्या मूळ वस्त्रातले काय या कोटांत खरोखर उतरले आहे आणि काय निव्वळ शोभेचे आहे, हे कोणी सांगेल का?

ध्रुववेध: केसाळ किनार मुळात शोभेची नव्हती. वूल्व्हरीन या थंड प्रदेशातल्या केसाळ प्राण्याच्या केसांवर श्वासाचे दव गोठले तरी ते हाताने सहज झटकता येते. कृत्रिम केस वारा थोडाफार अडवतात, पण हा गुण त्यांच्यात नाही.

माझ्या मते खरी युक्ती मात्र मागेच राहिली. कडाक्याच्या थंडीतला पोशाख कॅरिबूच्या (उत्तरेकडच्या रेनडियरच्या) कातड्याचा आणि दुहेरी असे: आतल्या ‘अतिगी’चे केस अंगाकडे, बाहेरच्या ‘कुलित्ताक’चे बाहेर. केस पोकळ असल्याने त्यांच्यात आणि दोन थरांमध्येही हवा धरून ठेवली जाई. वस्त्र समोरून बंद, डोक्यावरून घालायचे आणि सैल असल्यामुळे ऊब वर चढून आतच राही, आणि चालून उकडू लागले की हूड मागे टाकून दमट हवा बाहेर सोडता येई. कारण त्या प्रदेशात घाम येऊन कपडे ओले होणे हे थंडीइतकेच घातक असते. आपण समोर चेन लावली आणि मग चेनमधून वारा शिरतो म्हणून तिच्यावर पट्टी शिवली. नॉर्वेचे ध्रुवप्रवासी रोआल्ड आमुंडसेन यांनी 1903 ते 1905 या काळात नेत्सिलिक या इन्युइट गटात राहून या पोशाखाची उपयुक्तता जाणली आणि 1911 च्या दक्षिण ध्रुव मोहिमेत तसाच केसाळ कातड्याचा पोशाख वापरला.

कुंची: स्त्रियांच्या ‘अमाउती’ या पार्क्याचा उल्लेख राहिला. तिच्या पाठीवरच्या पिशवीत बाळ आईच्या अंगाच्या उबेत बसते आणि मोठा हूड दोघांनाही पुरतो. (माझे टोपणनाव इथे फारच तोकडे पडते.) 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरन या फॅशन कंपनीची माणसे आर्क्टिकमध्ये जुनी वस्त्रे विकत घेऊ लागली, तेव्हा ‘पाउक्तूतित’ या इन्युइट स्त्रियांच्या संघटनेने हरकत घेतली. 2019 मध्ये कॅनडा गूज या कोट बनवणाऱ्या कंपनीने 14 इन्युइट शिवणकारिणींकडून पार्का करवून घेतले आणि नक्षीचे हक्क त्यांच्याकडेच ठेवले. ‘प्रेरणा घेतली’ एवढे म्हणून थांबण्यापेक्षा हा व्यवहार मला अधिक रास्त वाटतो.

सुईदोरा: दोघांचेही आभार. कातड्याच्या शिवणीतून पाणी आत येत नसे का?

ध्रुववेध: पाण्याशी संबंध येई तिथे सीलचे कातडे वापरत. सुई एका कातड्याच्या निम्म्या जाडीतूनच नेत, त्यामुळे आरपार छिद्र पडत नसे. शिवाय प्राण्याच्या कंडरेचा दोरा ओला झाला की फुगून टाका बुजवी. आजच्या रेनकोटात शिवणीवर आतून चिकटवलेली पट्टी हेच काम करते.