विषय: भाच्याचा आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म): एफ-१ की एम-१? (उद्या कळवायचंय)

बाळू (सध्या मालवण):
मंडळी, भाच्याला अमेरिकेत शिकायला पाठवायचं प्रकरण पुन्हा वर आलंय. तोच, ज्याने गणपतीत व्हिडिओ कॉलवर मंडपाचं लायटिंग सुरू करून दिलं. बारावी, मग आयटीआय वायरमन. कॉलेज म्हणतं, इलेक्ट्रिकलचं वर्षाचं सर्टिफिकेट घेतलं तर एम-१ (हातच्या कामाच्या शिक्षणाचा विद्यार्थी व्हिसा), कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटची दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेतली तर एफ-१ (डिग्रीच्या शिक्षणाचा विद्यार्थी व्हिसा). अक्काचं एकच, "पोराक हातचा काम येता, मगे डिगरी कित्याक?" सर्टिफिकेटची फीही निम्मी पडते. रेंज फक्त गच्चीवर येते, थोडक्यात लिहा.

शैला:
एम-१ अजिबात नको. शिकताना काम करता येत नाही. नंतरचं ट्रेनिंग चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, फार तर सहा महिने. एफ-१ वर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तास काम मिळू शकतं, डिग्रीनंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी. आणि एम-१ वर आलेल्याला इथे बसून एफ-१ करून मिळत नाही. अक्कांना हे आधी सांग, फीचं नंतर.

विद्यार्थी समिती:
व्हिसाचे प्रश्न समितीकडे पाठवायचे असं सभेत ठरलंय. कृपया इथे सल्ले देऊ नयेत.

शैला:
समितीला मार्चमध्ये लिहिलं होतं त्याने. असो.

खोतकाका:
डिग्री घेऊन पोरगा एक्सेल भरत बसणार. त्यापेक्षा युनियनची अप्रेंटिसशिप बघा. इलेक्ट्रिशियनची चार-पाच वर्षांची असते, पहिल्या दिवसापासून पगार, वर्ग बाजूला. माझा शेजारी तसाच शिकला, आज आमच्या गल्लीत सगळ्यात मोठी बोट त्याची.

शैला:
काका, तुमच्या शेजाऱ्याला व्हिसा लागत नव्हता. पगारी अप्रेंटिसशिपला काम करायचा परवाना हवा, विद्यार्थी व्हिसावर ते जमत नाही.

मिलिंद:
काहीही घे, पण वायरचे रंग आधी घोटून घे म्हणावं. गावच्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल, इथे काळीत करंट आणि पांढरी न्यूट्रल. बाबा आले होते तेव्हा स्विच बदलायला निघाले, काळी सरळ हातात धरणार होते. मी जिन्यावरून ओरडलो. वर मलाच ऐकवलं, चाळीस वर्षं वायरिंग केलंय म्हणून.

नीता (कुडाळ):
पण जायचं कशाला? इथे वायरमन मिळेना म्हणून आमचं घर दिवाळीपासून अडलंय. भिंतीचा चिरा (जांभा दगड) उघडा ठेवलाय, त्यात वायरसाठी झिरी मारायला कोणी तयार नाही, शेवटी वरूनच केसिंग-कॅपिंग (वायर झाकायची पट्टी) मारलं. दिसतं भयंकर.

मिलिंद:
नीता, इथे भिंतीतल्या लाकडी स्टडना (उभ्या दांड्यांना) भोकं पाडून केबल ओवतात, वरून ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड) ठोकतात. झिरी मारायचा प्रश्नच नाही.

खोतकाका:
आणि मग उंदीर लागतात ड्रायवॉलमागे.

बाळू:
उंदरांचं नंतर, काका. अक्का तयार झाली, असोसिएटचं कळवतो. आता आय-२० साठी पहिल्या वर्षाचा खर्च दाखवायचाय. मामाचं, म्हणजे माझं, बँक स्टेटमेंट चालतं का? समितीने उत्तर दिलं तरी चालेल.