‘पीयूषिका’ की ‘पोष ग्रंथी’?

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला विश्वकोशात ‘पोष ग्रंथि’ म्हटलंय, इतरत्र ‘पीयूषिका’ दिसतं. लेखात कोणता शब्द ठेवावा?

—

लॅटिन ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ, शेंबूड. मेंदूतला कफ इथून नाकात उतरतो, अशी जुनी समजूत होती. तिचं शब्दशः भाषांतर आपण केलं नाही हे बरंच झालं! ‘पीयूष’ म्हणजे अमृत. शिवाय अमरकोशात ‘पीयूषोऽभिनवं पयः’, म्हणजे नुकत्याच व्यायलेल्या गाईचा चीक. दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हॉर्मोन) याच ग्रंथीत तयार होतं, हा योगायोग समजा.

मला ‘पोष’ जास्त पटतो. ही वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी निकामी झाली की अवटू ग्रंथी (थायरॉइड), अधिवृक्काचा (अ‍ॅड्रिनलचा) बाहेरचा थर आणि जननग्रंथी आक्रसतात. ती त्यांना नुसते हुकूम सोडत नाही, पोसतेही. पहिल्यांदा ‘पिट्युटरी (पोष ग्रंथी)’ लिहा, पुढे एकच शब्द चालवा.

—

‘पश्च खंडात तयार होणारं ऑक्सिटोसिन’ असं मात्र लिहू नका. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन तयार होतात वर, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये. पश्च खंड, म्हणजे पिट्युटरीचा मागचा भाग, ती साठवतो आणि सोडतो. स्वतःची संप्रेरकं बनवतो तो अग्र खंड.

—

‘टीएसएच’ला ‘थायरॉइडचं संप्रेरक’ म्हणणं चालेल का?

—

नाही. ते अवटू-उद्दीपक संप्रेरक, म्हणजे अवटूला डिवचणारं, येतं पिट्युटरीतून. षष्ठीच्या त्या ‘चं’नेच सगळा घोटाळा होतो. रिपोर्टात टीएसएच 12 आला की लोक ‘थायरॉइड वाढलंय’ म्हणतात. बहुतेक वेळा प्रकार उलटा असतो: अवटू मंदावलेली, म्हणून पिट्युटरी जोरात हाका मारतेय. ‘टीएसएच वाढलाय, थायरॉइड कमी पडतंय’ असं लिहा. आणि बिघाड खुद्द पिट्युटरीत असेल, तर टी4 (अवटूचं स्वतःचं संप्रेरक) कमी असूनही टीएसएच नॉर्मल दिसू शकतो. अशा वेळी नुसत्या टीएसएचवर ‘थायरॉइड ठीक’ असं लिहिलं की वाचक फसतो.

—

जाता जाता: संप्रेरक म्हणजे हॉर्मोन, उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट, विकर म्हणजे एन्झाइम. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंगने 1905 मध्ये रूढ केला, ‘चालना देणे’ या ग्रीक क्रियापदावरून. ‘संप्रेरक’ त्यावर चपखल बसतो. ‘प्रेरक’ हा भाग सारखा असल्यामुळे उत्प्रेरकाशी गल्लत होते, तेवढी प्रुफं तपासताना बघा.